अर्धी गोळी

गोळी पांढरी होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि तिच्या मधोमध एक रेघ होती. त्या रेघेवर अंगठ्याचं नख ठेवून दाबलं की कट्कन दोन सारखे तुकडे व्हायचे. हिंगणघाटात गिरणीमागच्या वस्तीत हे काम सगळ्यात सफाईनं कोणी करत असेल तर ती पंचफुलाबाई. एक तुकडा स्वतःच्या जिभेवर, दुसरा लेकाच्या, श्रावणच्या तळहातावर. वरून गुळाच्या चहाचा घोट. मग ती गिरणीच्या जिनात कामाला जायची आणि तो चेंडू खेळायला.

त्या गोळीला वस्तीत कोणी औषध म्हणत नसे. औषध म्हणजे ताप आला की बाटलीतून आणायचं ते, लाल रंगाचं, तोंड वाकडं करून प्यायचं. ही नुसती पाळीची गोळी, गिरणीच्या पाळीवर जाण्याआधी घ्यायची. जिनात कापसातून सरकी निघते तेव्हा रुईचा असा बारीक फुफाटा उडतो की समोरच्या बाईच्या लुगड्याचा रंग सांगता येत नाही. वर्षानुवर्षं तो छातीत गेला की छाती वाजायला लागते, जुन्या भात्यासारखी. फुफाटा ओढून घेणारे पंखे बसवायचे तर खर्च आला, भिंती फोडणं आलं. त्यापेक्षा गिरणीनं आपल्या दवाखान्यात गोळी ठेवली. बाया सोमवारी पुडी घेत, पदराच्या गाठीत बांधत आणि पाळीच्या आधी तोंडात टाकत. पुरुषांची तंबाखू, बायांची गोळी. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

श्रावण जिनातच वाढला. बाप लवकर गेला, त्यामुळे पंचफुलाबाई त्याला रुईच्या ढिगाजवळ झोळीत टाकून काम करायची. पोराचे पाय वाऱ्यासारखे निघाले, पण छाती आईचीच निघाली. गिरणीच्या फुटबॉल संघाचे मास्तर सदाशिवराव त्याच्याकडे पाहून हळहळायचे, "इंजिन चांगलं आहे हो, बॉयलर खराब आहे."

एका रविवारी वर्ध्याच्या संघाशी सामना होता. मधल्या सुट्टीच्या आधीच श्रावण गोलपोस्टाला टेकून बसला. ओठ निळसर पडलेले. गर्दीतून पंचफुलाबाई धावत मैदानात गेली. पंच शिट्टी वाजवत राहिला, हिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराची गाठ सोडली, नख दाबलं, तुकडा पोराच्या तोंडात घातला. सुट्टी संपेपर्यंत श्रावण उठून उभा राहिला आणि नंतर त्यानं जो गोल मारला त्याची गोष्ट वस्तीत अजून सांगतात. सांगणाऱ्यागणिक तो गोल लांबून लांबून मारला जातो.

सामना संपल्यावर मास्तर तिच्याजवळ आले. खूश होते.

"बाई, हे देत जा बरं त्याले. खेळाच्या दिवशी तर विसरूच नका."

"विसरन कशी? माह्यासोबतच खाते थो."

पुढे मास्तरांचं ते वाक्य तिनं मनात इतक्या वेळा फिरवलं की त्यांचा तेव्हाचा आवाजसुद्धा झिजून गेला. फक्त शब्द राहिले.

गिरणीनं श्रावणला पगारावर घेतलं. कागदावर तो गोदामात होता, खरं काम मैदानावर. पगार खेळायचाच. नागपूरकडून खेळला, मग राज्याच्या संघात आला. शहाऐंशी साली कलकत्त्याच्या मोठ्या स्पर्धेला निघाला तेव्हा तिथल्या एका क्लबाचा माणूस आधीच मास्तरांशी बोलून गेला होता. पोरगं या स्पर्धेत चमकलं की उचलणार. पंचफुलाबाईनं तिळाची चटणी, ज्वारीचे धपाटे आणि पुडी बांधून दिली. पुडीसाठी तिनं आदल्या आठवड्यात स्वतः गोळी खाल्ली नव्हती. छाती रात्रंदिवस वाजत होती, पण तिला ते सनई वाजल्यासारखं वाटत होतं.

कलकत्त्यात त्या वर्षी नवीनच सुरू झालं होतं. सामना झाल्यावर दोन-चार खेळाडूंना बोलावून लघवी तपासायची. श्रावणला बोलावलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "काही औषध घेता?"

श्रावण म्हणाला, "नाही."

खरंच सांगितलं त्यानं. त्याला ताप कुठे होता? सदाशिवराव मास्तर शेजारीच उभे होते. त्यांच्याही डोक्यात आलं नाही, असं ते नंतर म्हणाले. पंचफुलाबाईनं त्यावर विश्वास ठेवला. पूर्ण नाही, रेघेपर्यंत.

निकाल आला तेव्हा पेपरात श्रावणचं नाव आलं. आधीही यायचं, पण आता त्याच्यापुढे 'उत्तेजक' असा शब्द होता. वस्तीत तो कोणाला धड कळेना.

"दारू पेला का बे?" टपरीवर कोणी विचारलं.

"दारू नाई हो, शक्तीची गोळी."

"मंग कलकत्त्यात काऊन हारले?"

लोक हसले. श्रावण चहा तसाच ठेवून उठून आला. घरी येऊन आईच्या पदराच्या गाठीकडे पाहत बसला.

"माय, थे पाळीच्या गोळीलेच म्हणून राह्यले."

पंचफुलाबाई भाकर थापत होती. थापता थापता हात थांबला, भाकरीला भोक पडलं.

"हे? हे तं आपण सगळेच खातो!"

"हो ना. पण आपल्या सगळ्यायले चेंडू नाई खेळा लागत."

फुटबॉल मंडळाची चौकशी समिती नागपूरला बसणार होती. मास्तर वकिलाला विचारून आले आणि ओट्यावर बसून समजावू लागले. गोळी गिरणीच्या दवाखान्यातली आहे, छातीच्या दुखण्यावरची आहे, पोराला लहानपणापासून दम आहे, एवढं समितीपुढे आलं तर समज देऊन सोडतील. पण बाजारातून आणून खाल्ली असं दिसलं, तर मुद्दाम खाल्ली असं धरतील. मग बंदी. काही वर्षांची.

"मंग सांगू ना दवाखान्यातली म्हणून," पंचफुलाबाई म्हणाली. "खोटं थोडीच हाय?"

मास्तरांनी टोपी घातली आणि ओट्यावरून उठले. त्यांची नोकरीही गिरणीचीच होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीचे लेबर ऑफिसर बाबाराव स्वतः वस्तीत आले. माणूस वाईट नव्हता, दुसऱ्याचा निरोप आणायची सवय लागलेला होता. म्हणाले, "हे पहा बाई, तुम्हाला बोलू नका असं मी कसं म्हणू. पण दवाखान्याचं नाव पेपरात आलं तर मालक गोळी बंद करतील. त्यांना निमित्तच पाहिजे. मग तुमच्याच बाया गुदमरतील. एवढं ध्यानात ठेवा."

हे वस्तीभर झालं. संध्याकाळी शेजारची कमलाबाई आली. दोघी लग्न होऊन एकाच साली या वस्तीत आल्या, जिनात समोरासमोर उभ्या राहिल्या. कमलाबाईची छाती पंचफुलाबाईपेक्षा वाईट. बसायलाही तिला भिंत लागायची.

"तू सांगजो वं," ती म्हणाली, आणि मध्ये श्वास घेतला. "लेक हाय तुहा. आमचं काय…" पुन्हा श्वास. "आमचं पाहू आम्ही."

"गोळी बंद झाली तं?"

"बंद होऊ दे. फुफाटा बंद करा म्हणू मंग. मी येतो तुह्यासंग नागपूरले."

नागपूरला जाताना एसटीत पंचफुलाबाई मनातल्या मनात घोकत होती. दवाखान्यातून. गिरणीच्या दवाखान्यातून. तिला शाळा माहीत नव्हती, पण परीक्षेला जाणारं पोर कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

समितीची खोली मोठी, गार. तीन साहेब आणि डोक्यावर पंखेच पंखे. तिला वाटलं, यातला एक जरी आमच्या जिनात असता. कमलाबाईला आत येऊ दिलं नाही, ती दाराबाहेर बाकावर बसली.

आधी श्रावणला विचारलं. गोळी घेतली? घेतली. माहीत होतं? गोळी आहे हे माहीत होतं, मनाई आहे हे नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं? नाही.

मधले साहेब वयानं मोठे होते. चष्मा काढून म्हणाले, "मग जबाबदार कोण, तुमच्या मते?"

श्रावणनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या बुटांकडे पाहत होते.

"प्रशिक्षकांना कल्पना होती?"

"नव्हती," श्रावण म्हणाला. "तोंड माझंच होतं, साहेब."

मग पंचफुलाबाईला उभं केलं. तिनं हात जोडून "जयभीम" केला.

"गोळी तुम्ही दिली?"

"हो. मीच दिली. त्याच्या लहानपणापासून देतो."

"आणली कुठून?"

तेव्हाच बाहेर कमलाबाईला खोकला लागला. तो नेहमीचा खोकला नव्हता, लांबलचक होता, शेवटी चाळणीतून हवा गेल्यासारखा. सकाळी गडबडीत गोळी घ्यायची राहिली असणार. दार बंद होतं तरी ऐकू येत होता. खोकला थांबेना. साहेबांनी शिपायाला खुणेनं सांगितलं, बघ रे.

"बाई, गोळी कुठून आणली?"

"बाजारातून," पंचफुलाबाई म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"कुठल्या बाजारातून?"

"आष्टीच्या. माहेर तळेगावचं हाय माह्यं. बाजारात एक फिरता गोळ्यावाला येते, त्याच्याजवळून."

एकदा सुरू केलं की खोटंसुद्धा नीट जातं, वाट सापडल्यासारखं. ती बोलली आणि मास्तरांकडे पाहत राहिली. ते आता म्हणतील, साहेब, बाईचं बरोबर नाही, गोळी आमच्याच दवाखान्यातली आहे. तिच्यानं होणार नव्हतं ते त्यांच्यानं होईल. जबाब लिहिणारा कारकून थांबेपर्यंत ती पाहत होती. मास्तरांनी घसा खाकरला. नुसताच खाकरला.

दोन वर्षांची बंदी लागली. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, असं मोठे साहेब म्हणाले, आणि मग उगाचच म्हणाले, "आईनं प्रेमापोटी केलं, ते आम्ही समजू शकतो." पंचफुलाबाईला वाटलं, समजू नका, पोराला खेळू द्या.

परत येताना एसटी जामच्या फाट्यावर थांबली तेव्हा श्रावण आईकडे वळला. कमलाबाई मागच्या सीटवर झोपली होती.

"बाजारातून काऊन म्हटलं, माय?"

"कमळा खोकलून राह्यली होती."

त्यानं मागे वळून झोपलेल्या कमलाबाईकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. "बरं," म्हणाला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मास्तर महिनाभर वस्तीकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, ओट्यावर टोपी काढून बसले.

"बाई, मी बोलायला पायजे होतं."

"हो," पंचफुलाबाई म्हणाली.

ती 'जाऊ द्या' म्हणेल म्हणून ते वाट पाहत होते. ती उठली, चहा केला, कप भरून दिला. त्यांनी तो सावकाश प्याला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

कलकत्त्याच्या क्लबाला दुसरं पोरगं मिळालं. पोरं काय, मिळतात. गिरणीनं श्रावणला विचारलं, खेळत नाहीस तर काय करतोस? आणि गोदामातून काढून कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायला टाकलं. तिथे फुफाटा जिनापेक्षा बारीक. बंदी संपली तेव्हा तो एकदा मैदानावर गेला. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळाला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि बूट हातात घेऊन चालत घरी आला.

पंचफुलाबाई रिकामी बसली की वाटण्या करायची. थोडा दोष मास्तरांना. थोडा मालकांना, त्यांच्या न बसवलेल्या पंख्यांना. थोडा त्या साहेबांना, ज्यांनी नियम केला आणि कोणाला सांगितला नाही. बाबारावलाही द्यायची, चिमूटभर. सगळ्यांना वाटून झालं तरी हातात काहीतरी उरायचंच, आणि ते कोणाला द्यावं हे तिला माहीत होतं.

पुढच्या वर्षी तिला जिनातून काढून घरी बसवलं. वय झालं, छाती चालत नाही म्हणाले. नाव कमी झालं तशी गोळीही बंद झाली. दवाखाना कामावरच्या माणसांसाठी होता. कमलाबाईचं मात्र नाव होतं अजून, तिची पुडी चालू होती. एवढं तरी जमलं म्हणून पंचफुलाबाई स्वतःला सांगायची.

एका सोमवारी श्रावण दवाखान्यातून आला. हातात पुडी होती, स्वतःच्या नावाची. गिरणीच्याच डॉक्टरनं दिलेली, तीच गोळी. पाळीच्या दारात लघवीची बाटली घेऊन कोणी उभं नव्हतं, इथे कितीही खा.

तिच्यासमोर बसून त्यानं रेघेवर नख ठेवलं. त्याला सवय नव्हती. गोळी वाकडी तुटली, एक तुकडा मोठा, एक लहान. मोठा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला.

"घे."

"तुले पाळी हाय, बापू. लहान दे मले."

"घे ना, माय."

भोंगा झाला. तो लहान तुकडा तोंडात टाकून, चहाचा घोट घेऊन निघून गेला. पंचफुलाबाईनं तुकडा पदराच्या टोकात ठेवला, गाठ मारली, घट्ट ओढली. रविवारी कामी येईल.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. रविवार आता नुसता रविवार होता.

ती तशीच बसून राहिली, बोटांत गाठ धरून. चहा गार झाला. मग तिनं गाठ सोडली, तुकडा जिभेवर ठेवला आणि घोट न घेता हळूहळू विरू दिला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं की ही गोळी किती कडू आहे.