मिसळीच्या दुकानासमोरचा नारिंगी खांब

मी एक जुना खांब आहे. गंगापूर रोडवर गाड्यांपासून सायकलींची वाट वेगळी करायला जी प्लास्टिकच्या खांबांची रांग लावली, त्या रांगेतला. आम्हाला दोन पावसाळ्यांतच म्हातारपण येतं, मित्रांनो. टेम्पो घासून जातात, स्कूटरवाले लाथ मारून मधून घुसतात. माझा नारिंगी रंग पार विटला आहे. पण आडवा झालो तरी मी पुन्हा उभा राहतो. तेवढं एकच मला येतं, आणि ते मी मन लावून करतो.

साच्यातून निघून इथे आलो तेव्हा माझी ऐट बघण्यासारखी होती. बोल्ट आवळले, कुणीतरी डोक्याला हळदीकुंकू लावलं. लोक म्हणाले, आता सायकलवाल्यांची काळजी मिटली. मीही फुगून बसलो. एकीकडे गाड्या, दुसरीकडे सायकली, मध्ये मी. आपण असताना कुणाला धक्का लागतोय काय, असं मला वाटायचं.

सायकलवाल्यांत माझी लाडकी लंकाबाई. चार घरी पोळ्या करते. गुडघे दुखतात म्हणून तिच्या सुनेनं, स्नेहलनं, तिला या वयात सायकल शिकवली. पहिल्यांदा आली तेव्हा ट्रॅक मोकळा असूनही घंटी वाजवतच गेली. मला हसू आलं, पण कौतुकही वाटलं.

आमच्यासमोर ललिताताईंचं मिसळीचं दुकान आहे. गाडीतून येणाऱ्यांना उतरायला अडचण होते म्हणून त्यांनी महापालिकेला सांगून माझ्या शेजारचे दोन खांब काढायला लावले. तिथे गाड्या थांबू लागल्या. एका सकाळी लंकाबाई येत होती आणि गाडीत डाव्या बाजूला बसलेल्या रावजीकाकांनी मागे न बघता दार उघडलं. दार सरळ ट्रॅकमध्ये आलं. लंकाबाई त्यावर आदळली आणि मनगट मोडून बसली. हातभर अंतरावर उभा असून मला काही करता आलं नाही. फार वाईट वाटलं.

ललिताताई पाणी घेऊन धावल्या. काका घाबरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला दिसलीच नाही हो बाई." लंकाबाई रडत म्हणाली, "पोळ्या कशानं लाटू आता?"

तिची दोन घरं सुटली. खांब परत बसवा म्हणून ललिताताईंनी महापालिकेत अर्ज केला, पण कुणी आलं नाही. मग त्या स्वतःच गाडी थांबली की काचेवर टकटक करायच्या. "प्रसाद कुठल्या हातानं घेता? उजव्या ना? मग हे दारही उजव्या हातानंच उघडा." उजवा हात डाव्या दारापर्यंत न्यायचा तर अंग वळतं, मान वळते आणि मागून येणारा दिसतो. काही जण हसायचे. रावजीकाकांना तर त्यांनी मिसळ देण्याआधी तीनदा करून दाखवायला लावलं.

गेल्या महिन्यात लंकाबाई परत आली. स्नेहल मागून दुसऱ्या सायकलवर होती. कोपऱ्यावरच लंकाबाई म्हणाली, "आज पडले तर सायकल विकून टाक. उरलेली घरं पण सोडते मी. इतकं चालणं नाय होत."

"जा हो आई, मी आहे मागे," स्नेहल म्हणाली.

तेवढ्यात एक गाडी येऊन रिकाम्या जागेत थांबली. डाव्या सीटवर तेच रावजीकाका. दुकानात गर्दी, ललिताताई आत. लंकाबाई हँडल गच्च धरून, नजर समोर ठेवून येत होती. काकांचा डावा हात दाराच्या कडीवर गेला. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

हात थांबला. काकांनी तो मागे घेतला आणि उजवा पुढे केला. अंग वळलं, मान वळली.

दार बंदच राहिलं. लंकाबाई गाडीच्या अगदी जवळून निघून गेली. पुढे जाऊन तिनं एकदा घंटी वाजवली, उगाचच. स्नेहल मागून म्हणाली, "बघा, काही झालं का?"

"कुठं काय," लंकाबाई म्हणाली. "मी उगंच भीत होते."

काका मात्र बराच वेळ गाडीतच बसून राहिले. शेवटी ललिताताई बाहेर आल्या. "काका, उतरा की. मिसळ निवतेय."

"उतरतो गं. आज दिसली मला बाई," काका म्हणाले, आणि डोळे पुसत हसले. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मी फक्त खांब आहे, दार काही धरून ठेवू शकत नाही. आमच्या रांगेवर सगळं सोपवू नका. गाडीच्या डाव्या दारानं उतरताना उजवा हात पुढे करा आणि मागे बघा. लंकाबाई आता रोज येते, आणि आज सकाळी तर ती गाणं गुणगुणत गेली.