गयेला सोडलेलं रामफळ

गयेच्या घाटावर भटजींनी आवडतं एखादं फळ सोडायला सांगितलं, तेव्हा मी रामफळाचं नाव घेतलं. गेलेल्या माणसाच्या नावानं पिंड ठेवले की मागं राहिलेल्यानं जिभेची एक ओढ तिथंच टाकून यायची आणि जन्मभर ते फळ तोंडाला लावायचं नाही, असा रिवाज. घरी परतल्यावर मात्र मी पेरू सोडला असं सांगितलं. रामफळ हे आमच्या लालासाहेबदादाचं फळ. त्याच्या पाठीमागं मी तेही टाकून आलो हे विजयमालावहिनीला कळू नये, एवढाच माझा हेतू होता, निदान तेव्हा मला तसं वाटलं. खरी गोष्ट कुणालाच, अगदी माझ्या बायकोला, अंजनालासुद्धा ठाऊक नव्हती.

दादा पलटणीत हवालदार होता. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात इटलीकडून पत्र आलं की तो बेपत्ता आहे, मृत समजावा. वहिनी म्हणाली, थांबू. मी सहा महिने थांबलो आणि मग मीच तिला कुंकू पुसायला लावलं. त्या दिवसाची तिथी माझ्या वहीत आहे, माघ वद्य नवमी. खाली आणखी काही लिहावंसं वाटलं नव्हतं.

शेहेचाळीसच्या फाल्गुनात, दुपारच्या मोटारीनं, दादा कडेगावला परत आला. गालफडं बसलेली, डाव्या कानाची पाळी गेलेली, केस पिकलेले. दारात उभा राहून तो कितीतरी वेळ उंबऱ्याकडं बघत होता. मनुबाई आत्तीनं त्याच्या गालांवरून हात फिरवले आणि मोठ्यानं रडत म्हणाली, "आरं माज्या लेकरा, मेल्यांनी हाडं तेवढीच परत धाडली व्हय रं!" सगळे हसले, सगळे रडले. मीही रडलो. पण रडता रडता माझ्या मनात आलं की मी ज्याला पिंड दिला तो हा नव्हे.

वहिनी तेवढी रडली नाही. संध्याकाळी ती गोठ्यापाशी मला गाठून म्हणाली, "भावजी, पुसलं ते तुमच्या सांगण्यावरनं. आता लावीन तेबी तुमी म्हणाल तवाच."

"वहिनी, सगळ्यांनी वळखलंय की त्याला."

"सगळ्यांनी पुसायला सांगितलं न्हवतं." ती वैरणीकडं बघत बोलत होती. "पाडव्यापतूर सांगा. हाय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. फकस्त खरं सांगा."

पाडव्याला बारा दिवस होते.

रामफळांचे दिवस ते. मळ्यातल्या झाडाची फळं पेंढ्यात घालून पिकवलेली होती. तिसऱ्या दिवशी अंजनानं त्यांतलं एक, चांगलं लालसर झालेलं, फोडून दादापुढं ठेवलं. पलटणीत असताना दर पत्रात त्यानं विचारलेलं फळ. त्यानं ताटली दोन बोटांनी बाजूला सारली.

"न्हाई. सोडलंय मी ते."

"आगं बया! कवा?" आत्ती म्हणाली.

"गयेला."

"आता पलटणीला कोण गयेला न्हेतंय? का गोऱ्या सायबाचं पिंड पाडलं?" आत्ती म्हणाली आणि सगळे पुन्हा हसले. कुणीसं म्हणालं, गाडी थांबली असेल तिकडं. दादाही हसला. हसताना तो माझ्याकडं बघत होता, आणि बघण्यात आपुलकी नव्हती. बाजारात वजन करणाऱ्याच्या हाताकडं माणूस बघतो, तसं ते बघणं होतं.

मी कारणं शोधली. झोपेत मी काही बरळलो असेन, अंजनानं ऐकलं असेल, तिनं सांगितलं असेल. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी तर पेरू सोडलाय न्हवं?" आणि कामाला लागली.

मग एका सकाळी उन्हाला बसून तो आपण होऊन लहानपणाचं बोलू लागला. झाडाच्या शेंड्याची रामफळं पाखरांच्या आधी काढायची, एकानं वर चढायचं, एकानं खाली धोतराचा सोगा धरायचा. वरचा आधी स्वतः खायचा आणि बिया खालच्याच्या डोक्यावर थुंकायचा. सगळं बरोबर होतं. "सोगा धरून धरून माझं हात भरून यायचं," तो म्हणाला, "आन वर बघावं तर तुझं तळपाय तेवढं दिसायचं. टाचंला भेग हुती तुझ्या."

"वर तू असायचास, दादा," मी म्हणालो. "मी खाली."

"आसंल," इतकंच तो म्हणाला. पण टाचेची भेग मला आठवत होती, ती दादाच्या टाचेची. ती खालून फक्त मीच पाहिली होती. वर चढलेल्याला स्वतःचे तळपाय दिसत नाहीत.

मी सांगलीला गेलो. आमच्या बापाच्या काळापासून आमचा गूळ धरणेंद्रशेठच्या अडतीत उतरायचा. शेठनी आम्हा दोघांना चड्डीत असल्यापासून पाहिलेलं. मी आडून आडून विषय काढला, तसे ते तक्क्यावरून उठून बसले.

"अवो नाथाजी, तुमी दोघा भावांनी मला साक्षीदार धरलाय काय?"

"दोघांनी?"

"परवा लालासाहेब येऊन गेले. हितंच बसले. म्हणाले, शेठ, मागं घरात ऱ्हायलेला माणूस माझा भाऊच हाय का? तुमी बघितलाय न्हवं त्याला ल्हानपणी?" शेठ पोट हलवून हसले. "म्हटलं, एकमेकाला वळखा तुमी आन चहा पाजायचा मी!"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, हाय की." पण एवढं बोलून शेठ माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि मग उगाच नोकरावर ओरडले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, मी त्याला मळ्यात नेलं. आज एकदाचं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं ठरवून गेलो होतो. झाडाखाली उभं राहिल्यावर त्यानंच विचारलं, "वरनं काय दिसायचं रं?"

"ओढ्यापल्याडची वाट," मी म्हणालो. "गुऱ्हाळाचा धूर. आन आय दिसायची. गंजीमागं एकटीच बसून रामफळ खायची ती. आपल्या दोघांना वाटून दिल्यावर, माझं पोट दुखतंय म्हणायची, आन मग तिथं गपचिप खायची. सालीला चिकटलेलंबी अंगठ्यानं काढून चाटायची. मी कुणाला सांगितलं न्हाई."

तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. "मला कवाच दिसली न्हाई ती," तो म्हणाला. "मी खाली."

आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचा तो चाटलेला अंगठा माझ्या डोळ्यांपुढं स्वच्छ होता, आणि तो पुरता बघून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी त्या झाडावर जन्मात कधी चढलेलो नाही. मला उंचीचं भय आहे. तसं मी मानत आलो होतो.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर सगळे सोप्यात जमले. वहिनी करंडा आणि आरसा घेऊन बसली होती. तिच्या कपाळाची वर्षभराची मोकळी जागा उन्हात चमकत होती. नाही म्हणालो तर ती जागा मरेपर्यंत तशीच राहणार होती. आणि हो म्हणायला माझ्यापाशी पुरावा नव्हता, ना त्याच्याबद्दल, ना माझ्याबद्दल.

"बोला," ती म्हणाली. यावेळी तिनं मला भावजी म्हटलं नाही.

मी शब्द निवडून घेतले. खोटं ठरणार नाही असं एकच वाक्य उरलं होतं.

"आमी दोघं भाऊ हाय."

वहिनीनं करंडा उघडला. कुंकू लावताना ती आरशात बघत होती, आणि आरशात तिच्या मागं मी उभा होतो. तेवढ्यात तो पुढं आला, वाकला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडल्यावर सगळं घर हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. आत्ती डोळे पुसत त्याला म्हणाली, "पड बाबा, थोरल्याच्या पाया पड."

मी अंजनाकडं बघितलं. एवढ्या माणसांत एकटी तीच उलगडा करील अशी माझी खात्री होती. ती ताटं घेऊन सैपाकघराच्या दारात आली होती. माझी नजर पडताच तिनं पदर कपाळाखाली ओढून घेतला, थोरल्या दिरापुढं बाई होते तशी दाराआड अर्धी झाली, आणि माझ्याशी न बोलता त्याला हळूच म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, जेवाय बसा."