मोती एकदोनतीन

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, फरशी पुसायच्या बादलीशेजारी माझा मुक्काम असतो. कोणत्या फ्रीजमध्ये कोणत्या गटाचं रक्त आहे, ही सगळी यादी माझ्या पोटात आहे.

मी नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक झालं! साहेबांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. पुढे या खोलीत यायची कोणाला गरजच उरली नाही. जो तो आपल्या टेबलावरून, नाहीतर घरून, दुरूनच माझं दार ठोठावतो.

आणि दार तरी कसलं? नुसती धर्मशाळा! सगळ्यांना मिळून नाव एकच, 'अ‍ॅडमिन'. पासवर्डही एकच, साहेबांच्या कुत्र्याच्या नावाचा. कोणी विसरलं की हॉलभर ओरडा व्हायचा, "अगं, पासवर्ड काय गं?" पलीकडून तितक्याच मोठ्याने उत्तर यायचं, "मोती एकदोनतीन!" बाकावर बसलेल्या रक्तदात्यांनाही तो पाठ झाला होता. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

माझी देखभाल करणाऱ्या ताईंनी साहेबांच्या किती विनवण्या केल्या. "साहेब, प्रत्येकाला वेगळं नाव देऊ, ज्याची त्याची चावी देऊ आणि हा पासवर्ड बंद करू."

"कशाला ती कटकट? चाललंय ना सगळं?"

मग एका दुपारी कोणीतरी 'अ‍ॅडमिन' आत आला आणि फ्रीजची अख्खी यादी पुसून गेला. नेमकी तेव्हाच ऑपरेशन थिएटरमधून एका बाईसाठी दुर्मीळ गटाच्या रक्ताची मागणी आली. ताईंनी मला विचारलं, तर मी कोरा! त्या धावल्या. एकेक फ्रीज उघडून, गारठलेल्या बोटांनी पिशव्या उलटसुलट करत त्यांनी हवी ती पिशवी शोधून काढली. ती बाई वाचली.

शाबासकी मिळाली म्हणता? छे! चौकशी बसली. आत कोण आलं होतं, असं मला विचारलं गेलं. घरून येणारे आणि ऑफिसातले सगळे एकाच वाटेने, एकाच नावाने येत. मी काय कपाळ सांगणार? 'अ‍ॅडमिन' एवढंच सांगू शकलो. मशीन ताईंच्या ताब्यात, म्हणून ठपका ताईंवर आला. त्यांची ठरलेली बढती गेली. ज्यांनी कटकट नको म्हटलं होतं, त्याच साहेबांनी ठपक्याच्या कागदावर सही केली.

त्यानंतर कुठे चाव्यांना परवानगी मिळाली आणि 'मोती एकदोनतीन' बंद झाला. ही चावी म्हणजे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेली भलीमोठी गुप्त खूण. तिची जोडी माझ्याकडे असते. ती जुळली तरच मी दार उघडतो. हॉलभर ओरडून ती कोणाला सांगता येत नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा!

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी आपली चावी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'कोणाचं अडलं तर माझी वापरा.' आता काय म्हणावं या माणसाला?

ताईंनी ती चावी तत्काळ माझ्याकडून रद्द करून घेतली. थोड्या वेळाने घरून साहेबांचा फोन आला.

"अगं, हा मला आत घेत नाहीये!"

"बरोबर आहे साहेब. तुमची चावी आता सगळ्यांकडे आहे. ऑफिसात या, नवी करून देते."

"पण मी साहेब आहे!"

"त्याला साहेब कळत नाही. चावी कळते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी दाराबाहेर उभं केलं होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मित्रांनो, तुमची चावी तुमच्याजवळच ठेवा, जिवलग मित्रालाही देऊ नका. आता आत कोण आलं, कोण गेलं, हे मी नावानिशी सांगतो. पण त्या दुपारी कोण आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. ताईंवरचा ठपका तसाच आहे, आणि रोज सकाळी माझ्यावरची धूळ त्याच पुसतात.