स्टॅडलर रोडचे पांढरे पट्टे

चार वर्षांतून एकदा वेस्ट हार्मनच्या वाहतूक नियोजन मंडळाला जनतेची आठवण होते. आपणहून नव्हे. वॉशिंग्टनचा कायदाच तसा आहे: रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करा, दर चार वर्षांनी तो नवा करा, लोकांना विचारा आणि विचारल्याचा पुरावा ठेवा. यातलं पुरावा ठेवण्याचं काम मंडळ फार मन लावून करी.

तो पुरावा म्हणजे लॉरेन डुबिकी.

वय एकाहत्तर. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. सभा ग्रंथालयाच्या तळघरात भरे. बिस्किटांचं ताट, कॉफीचा थर्मास आणि भिंतीवर मोठाले तक्ते: 'सुरक्षितता', 'समृद्धी', 'सर्वसमावेशकता'. येणाऱ्याला पाच रंगीत टिकल्या मिळत, त्या आवडेल त्या तक्त्यावर चिकटवायच्या. झाली लोकशाही! जनता म्हणून लॉरेन येई, आणि बाहेर गारठा असला तर फुकट कॉफीला आणखी एखादा. लॉरेन टिकल्या मुठीत धरून उभी राही आणि एकच मागणी करी: आमच्या इमारतीसमोर, स्टॅडलर रोडवर, पायी ओलांडायला पांढरे पट्टे मारा.

रस्ता पाच पदरी. इमारत म्हाताऱ्यांची. बसथांबा पलीकडे, सिग्नल अर्धा मैल लांब. लॉरेनची धाकटी बहीण बर्निस वॉकर धरून चालते आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. परत आली की दाराशी धापा टाकत म्हणायची, "ताई, आज पण वाचले गं." दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मिसेस ओटिस वाचल्या नाहीत. त्यांच्या वॉकरचं एक चाक आठवडाभर गटाराच्या जाळीत अडकून होतं. ते काढायलाही कुणी आलं नाही. शेवटी लॉरेननंच काढलं.

मंडळाचं उत्तर आराखड्याच्या शेवटच्या पानांत छापून येई. २०१३, २०१७, २०२१. तिन्ही वेळा तेच: 'आपली सूचना नोंदवली आहे. धन्यवाद.' लॉरेननं ती तीन पानं फ्रिजला चुंबकानं लावून ठेवली होती.

यंदा तिनं सभेची वाट न बघता मंडळाच्या ट्रेंटलाच फोन लावला. ट्रेंट हॅलोवेल, वय चौतीस, स्वभावानं गरीब. अशी गरीब माणसंच असली कामं बिनबोभाट करतात.

"डुबिकीबाई, आराखड्यात घालायचं तर पैसा कुठून येणार ते दाखवावं लागतं. नियमच आहे. तुमचे पट्टे २०४६ ते २०५० या टप्प्यात बसवता येतील."

"अरे बाळा, तेव्हा मी शहाण्णव वर्षांची असेन."

"मग तर तुम्हाला त्यांचा जास्तच उपयोग होईल."

तो चेष्टा करत नव्हता. भयंकर होतं ते हेच.

मार्चमधल्या एका रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, लॉरेननं बसच्या दिवसांतलं नारिंगी जाकीट चढवलं. रहदारी अडवायचे चार शंकू, दोन बादल्या पांढरा रंग आणि एक रोलर घेऊन ती रस्त्यात उतरली. नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाला परवानगी विचारायची छाती या देशात कुणाची नाही. पोलिसांची गाडी हळू झाली, काच खाली आली.

"किती वेळ लागेल, मावशी?"

"तासभर."

पोलिसानं गाडी आडवी लावली, दिवे चालू केले आणि काम संपेपर्यंत रहदारी अडवून धरली. जाताना म्हणाला, "रविवारी पण राबवतात का हो तुम्हाला?"

जूनमध्ये सभा भरली. या वेळी 'सुरक्षितते'शेजारी अख्ख्या परिसराचा नकाशा होता. लॉरेननं सवयीनं स्टॅडलर रोड शोधला आणि ती तिथंच थबकली. इमारतीसमोर पट्ट्यांची इवलीशी खूण होती. खाली लिहिलेलं: 'अस्तित्वात असलेल्या सोयी'. एप्रिलमध्ये विमानातून फोटो काढले होते आणि फोटोत दिसलं ते नकाशात उतरवलं होतं. रस्त्यावर येऊन बघायला कुणी आलंच नव्हतं. आजवर कधी आलं होतं म्हणा!

आता तोंड उघडलं तर खूण पुसली जाणार. आराखडा मंजूर होईपर्यंत गप्प बसायचं होतं. लॉरेनच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

"डुबिकीबाई, करा ना सुरुवात," ट्रेंट पेन सरसावून म्हणाला.

"माझं काही नाही."

"काही नाही कसं? वॉशिंग्टनची माणसं तपासायला येणार आहेत. मला निदान एक तरी सूचना लागते हो!"

"बिस्किटं वातड आहेत. लिही."

त्यानं लिहिलं. लॉरेननं पाचही टिकल्या 'सुरक्षितते'वर डकवल्या, हजेरीवर सही ठोकली आणि निघाली.

सप्टेंबरात आराखडा मंजूर झाला, वॉशिंग्टनचा शिक्काही बसला. ऑक्टोबरात नगरपालिकेचा ट्रक रंग खरवडायचं यंत्र घेऊन आला. बारा वर्षांत पट्टे मारायला न सापडलेला रस्ता पुसायला बरोबर सापडला.

"आमच्या यादीत हे पट्टे नाहीत, बाई. बाजूला व्हा," मुकादम म्हणाला.

बर्निस वॉकर धरून कडेला उभी होती, तिची बस पलीकडे येण्यात होती. लॉरेन पट्ट्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिथूनच तिनं ट्रेंटला फोन करून बोलावलं. वीस मिनिटांत तो आला. त्यानं पट्टे बघितले. ते जरा तिरकेच होते. मग लॉरेनचे बूट बघितले. बुटांवर पांढरे शिंतोडे होते. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. चूक कबूल करायची, तर वॉशिंग्टनला सांगावं लागणार की अख्खा नकाशा आम्ही रस्त्यावर पाय न ठेवता केला.

"हे पुसता येणार नाहीत," तो मुकादमाला म्हणाला. "पायी चालणाऱ्यांची सोय काढायची तर आराखड्यात दुरुस्ती करावी लागेल. तीस दिवस जनतेचं मत मागवायचं, मग सभा."

"अहो, पण हे कुणी मंजूरच केले नव्हते! मागच्या वर्षी इथं नुसतं डांबर होतं!"

"नकाशात आहेत."

"मी रस्त्याचं बोलतोय!"

"रस्ता वॉशिंग्टनला जात नाही. नकाशा जातो."

मुकादमानं टोपी काढून पुन्हा घातली. "मग मी काय करू? माझी तक्रार कोण ऐकणार?"

लॉरेननं ट्रेंटच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि हवेतच काहीतरी खरडल्यासारखं केलं.

"नोंदवली आहे," ती म्हणाली. "धन्यवाद."

बर्निस निघाली. तिच्यासाठी सगळ्यात आधी थांबला तो नगरपालिकेचाच ट्रक, आणि त्याच्यामागे निमूटपणे पाचही पदर. एक तास आणि दोन बादल्या रंग. मिसेस ओटिसनाही तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी बर्निस पावसातून घरी आली. वाचल्याचं काही बोलली नाही. "मोजे भिजलेत गं, ताई," एवढंच म्हणाली आणि आत गेली.