बहाराआधीचे तीन आठवडे

संत्र्याचं झाड कसं राखावं हे मोर्शीत शेषरावांकडून शिकावं. पौषात ते बागेचं पाणी बंद करून झाडांना ताण देत, पानं मलूल झाली की पाणी सोडत आणि मग बहार फुटे. त्याच विश्वासानं त्यांनी बायकोचं औषध बंद केलं.

शालूबाई दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून पडून असत. वेणी नाही, बोलणं नाही. विहिरीवर त्यांना कुणी एकटं जाऊ देत नसे. अमरावतीच्या डॉक्टरांनी उदासीवर नव्यानंच निघालेल्या गोळ्या दिल्या. बारा दिवसांत गुण काही नाही, तोंडाला तेवढी कोरड पडली. "झाडासारका हिलेही गोळीचा ताण देऊन पाहू," म्हणत शेषरावांनी डबी फडताळात ठेवली. चौथ्या दिवशी शालूबाईंची झोप उडाली, रडू थांबेना. घाबरलेले शेषराव त्यांना घेऊन पहिल्या मोटारीनं अमरावतीला गेले.

डॉक्टर आत तपासत होते. बाहेर कंपाउंडर पुंजाजींनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत.

"शेषरावजी, पानी सोडलं का लगेच फूल दिसते?"

"छे! वीसेक दिवस लागते."

"अन् बाराव्या दिवशी फूल नाही म्हून पानी बंद करता?"

शेषराव बोटांवर दिवस मोजू लागले.

"बाईले ताण दिवाळीपासूनच पडला हाय. गोळी म्हंजे पानी. कोरड आधी येते, गुण मागून. अन् बरं वाटलं तरी डॉक्टरले इचारल्याबिगर सोडायची नाही. फळ धरल्यावर पानी तोडलं तं?"

"गळते."

"मंग! अन् गुणाचा पत्ता नाही, तोंड कोरडं, तरी बाईनं बारा दिवस एक गोळी चुकवली नाही. आपल्याच्यानं झालं असतं का?"

हे शेषरावांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. परतीच्या मोटारीत ते खिडकीशी बसलेल्या बायकोकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. मग रोज गोळी आणि पाण्याचा पेला तेच नेऊन देऊ लागले. तेविसाव्या सकाळी शालूबाई उठून बसल्या होत्या, हातात फणी. शेषराव दारातच थबकले.

"काय पाहून राह्यले जी? बाई पाह्यली नाही का कधी? थे तेल द्या इकडं."

त्यांनी तेल दिलं, आणि गोळीही पुढे केली.

"बरी झाली ना मी आता?"

"फळ धरलं हाय. पानी तोडाचं नाही."

"झाडच समजा मले!" म्हणत शालूबाईंनी गोळी तोंडात टाकली.