गुंतवळ

"गोमाबाबा, कॅमेऱ्याकडे नका बघू, मॅडमकडे बघून बोला. आणि टोपी जरा मागे घ्या," म्हणत ओमकारने तिपाईवरचा कॅमेरा पुन्हा एकदा खाली-वर केला.

गोमाने टोपी मागे सरकवली, घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं एका दमात म्हणून टाकलं,

"पोरं पळवणारी टोळी आलीय अशी आवई उठलेली. आमी एका फेरीवाल्याला धरला. मंग हर्षालीताईंचा आवाज मोबाइलवर आयकला नि त्याला सोडला."

त्याच्या मागे उभ्या असलेल्या अख्ख्या पाड्याने माना डोलावल्या. सगळ्यांनी, एकदम. ओमकार खूश झाला. ठाण्याहून इतक्या लांब, डोळखांबच्याही पुढे हाडं खिळखिळी करून घेत आल्याचं चीज झालं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

हर्षाली हवालदार ओट्यावर बसून ऐकत होती आणि सुखावली होती. का सुखावू नये? दोन वर्षं ती रोज संध्याकाळी आपल्या आवाजात एक निरोप बोलून पाड्यापाड्यांच्या ग्रुपवर टाकत होती. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला नंबर सांगू नका, वीटभट्टीवर नेणाऱ्या मुकादमाचं नाव-गाव आधी विचारून घ्या, असलं काहीबाही. पण बोलायची ती इथल्या माणसांच्या बोलीत. चौकीत तिला 'आकाशवाणी' म्हणून चिडवत. नवे साहेब तर चिडवतही नसत. मोबाइलवर बोलणं हे पोलिसाचं काम नव्हे, पुढच्या महिन्यापासून नाकाबंदीला उभ्या राहा, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. तेवढ्यात वरून उत्कृष्ट जनसंपर्काच्या पुरस्कारासाठी नावं मागवली गेली आणि साहेब जरा मवाळ झाले. त्यासाठीच ओमकार आज हे चित्रीकरण करायला आला होता. पुरस्कार आला तर तिचं काम चालू राहणार होतं. नाहीतर नाकाबंदी होतीच.

"नमुना पाठवतो ठाण्याला," म्हणत ओमकारने मोबाइल काढला, उंच धरला, अंगणभर फिरवला. "मॅडम, इथे रेंजच नाही."

"रेंज टेकाडावर," गोमाची सून दिपिका म्हणाली. "सांजचं समदी वर जातात. ताईंचं बोलनं आयकायला."

रेंजचं हर्षालीला ठाऊक होतं. फेरीवाल्याला धरला त्या दुपारी तिचा निरोप ऐकायला कोणीतरी वर गेलं असेल, असं ती धरून चालली होती. आता तिने सहजच विचारलं,

"त्या दिवशी दुपारी वर कोण गेलं होतं गं?"

दिपिकाने गोमाकडे पाहिलं. गोमाने टोपी पुन्हा पुढे ओढली. मागच्या माणसांपैकी एकाला खोकला आला, दुसऱ्याला अचानक बैल आठवले.

अंगणाच्या कडेला सावळी सुपात नाचणी पाखडत होती. ती गोमाची धाकटी बहीण, आणि तिचं तोंड पाड्यात कोणी बंद करू शकलं नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं.

"कोनी नाय गेलेला गो. उगा कशाला बिचारीला फशिवता?"

"सावळे!" गोमा ओरडला.

"वरडू नको. मी सांगतंय."

आणि तिने सांगितलं. तो केसांवर भांडी देणारा होता. मुरबाडकडून यायचा. एरवी त्याची बायको यायची, आणि ती यायची तेव्हा पुरुष शेतावर असायचे. त्यामुळे बायका विंचरताना निघालेली गुंतवळ कुडाच्या भिंतीत खोचून ठेवतात आणि तिच्यावर वाट्या-पेले घेतात, हे पुरुषांच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी बायको आजारी म्हणून तो स्वतः आला. यांनी त्याला धरला, पोतं उलटं केलं, तर आतून निघाले बायकांचे लांब केस! मग काय विचारता? पोरी मारून केस काढले म्हणत काठ्या निघाल्या.

"मग तू काय केलंस, मावशी?" हर्षालीने विचारलं.

"काय करनार? घरात गेलो, कुडातली गुंतवळ काढली नि त्याच्या म्होरं धरली. म्हटला, याची वाटी देतो का पेला? तो थराथरा कापत व्हता गो. तरी म्हनतो कसा, वाटी व्हईल, पेला नाय व्हनार." सावळी हसली. "मी म्हटला, पेलाच पायजे. आमी दोगा भांडाया लागलो. मंग रंगू आली आपली गुंतवळ घिऊन, ठकू आली. बायांचा बाजारच भरला. आता त्यात काठी कुठं घालनार हे?"

"आणि तो?"

"भाकर घातली त्याला. वाटंला लावला."

ओमकारने कॅमेरा बंद केलेलाच नव्हता. "मॅडम, हे भारी आहे," तो हळूच म्हणाला. मग त्याचं तोंड उतरलं. "पण यात पोलीस कुठेच नाहीत."

"मग मघाशी सगळे खोटं का बोललात?" हर्षालीने विचारलं.

"तुला काढनार म्हनं," सावळी म्हणाली. "मंग आमाला सांजचं सांगनार कोन?"

हर्षालीला भरून आलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाजही वाटली. कारण तिला तो फोन आठवला. त्याच संध्याकाळी गोमाने टेकाडावरून तिला फोन केला होता. "ताई, त्या मानसाला आज आमी..." एवढंच तो बोलला होता. तिला फेरीवाल्याची कुणकुण आधीच लागली होती, दुपारी तिने घाईघाईने निरोपही टाकला होता. तिने त्याला पुढे बोलूच दिलं नव्हतं. माझा निरोप ऐकलात ना? सोडलंत ना त्याला? हो म्हणण्यावाचून त्या माणसाला तिने दुसरं काही ठेवलंच नव्हतं. "हां ताई, सोडला," तो म्हणाला होता, आणि तिने आनंदाने अख्ख्या चौकीला ते सांगितलं होतं. तेवढ्यावरच पुरस्कारासाठी तिचं नाव गेलं होतं. नुसते आभार मानायला गोमा टेकाड चढून फोन कशाला करेल, हा विचार तिच्या मनाला तेव्हा शिवलाही नव्हता.

"ओमकार, पहिलं रेकॉर्डिंग पुसून टाका."

"मॅडम, पुरस्कार..."

"साहेबांना मी सांगते. आणि कॅमेरा बंद करा."

ती ओट्यावरून उठली आणि गोमासमोर येऊन जमिनीवरच बसली.

"गोमाबाबा, त्या संध्याकाळी तुम्ही काहीतरी सांगायला फोन केला होतात. मी बोलूच दिलं नाही तुम्हाला. काय सांगायचं होतं?"

गोमा टोपीची कड चाचपत राहिला. बराच वेळ. तिच्या ओठांवर तीन-चार वेळा शब्द आले; तिने ते गिळले. सावळीनेही सूप हातात घेतलं नाही.

अखेर गोमाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पैला हात मी उचललेला, ताई," तो म्हणाला. "तो मला बाबा म्हनत व्हता. तरी उचलला."