सायडिंगचं कुलूप

मोरेश्वरचा खैरगाव स्टेशनवर भारी जीव. कुवेतमधल्या फहाहीलच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमधली एक अख्खी खोली त्याने त्या स्टेशनाला दिली होती, आणि बायको मेधा नाक मुरडत का होईना, ती झाडत आली होती. फळ्यांवर पंचाहत्तर सालच्या स्टेशनाची छोटी प्रतिकृती उभी राहत होती: वडिलांची स्टेशनमास्तरची कचेरी, पाण्याची टाकी, दोन लायनी. अडलं होतं ते मालधक्क्याच्या सायडिंगपाशी, मुख्य लायनीतून बाजूला फुटणाऱ्या रुळांपाशी. तिथले रूळ नेमके कसे वळत होते, हे जुन्या नकाशाशिवाय कळणार नव्हतं.

त्याच सायडिंगने दोन घरांची ताटातूट केली होती. पंचाहत्तरच्या मार्चमध्ये पॅसेंजर तिथे शिरली, मालगाडीच्या उभ्या वाघिणींवर आदळली आणि इंजिनावरचा फायरमन जागीच गेला. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा चुकीचा ठेवला म्हणून सांधेवाल्याची नोकरी गेली. तो सांधेवाला म्हणजे मोरेश्वरच्या बालमित्राचा, सर्फराजचा बाप. मोरेश्वरचे वडील मात्र बढत्या घेत घेत पेन्शनीत गेले आणि मरेपर्यंत म्हणत राहिले, "बिचाऱ्याचं लक्ष नव्हतं."

चाळीस वर्षांनी सर्फराज कुवेतमध्येच भेटला. सुलैबियाच्या एका गोदामात सुपरवायझर होता. दर शुक्रवारी नमाज आटोपून तो यायचा, चष्मा कपाळावर चढवून रूळ चिकटवायचा आणि न चुकता विचारायचा, "मोरू, नकाशा आला का रे?" माणूस मनात काही ठेवत नाही, असं मोरेश्वर चारचौघांत कौतुकाने सांगायचा. तीन वर्षं सांगत होता.

मंगळवारी नकाशा आला. मेधाचा भाचा नीलेश याने रेल्वेच्या जुन्या दप्तरात आठ खेपा घालून फोटो काढून पाठवले. शर्क भागातल्या ऑफिसात डबा खाता खाता मोरेश्वरने ते मोठे करून पाहिले. सायडिंगच्या सांध्यावर तांबड्या शाईत कुलूप काढलं होतं. शेजारी टीप होती: किल्ली स्टेशनमास्तरच्या ताब्यात, काम झाल्यावर ती परत हातात पडल्याशिवाय गाडीला सिग्नल देऊ नये. खाली चौऱ्याहत्तरची तारीख आणि वडिलांची सही. ती लफ्फेदार सही त्याने प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं पाहिली होती.

त्याने डबा मिटवला. सांधा कुलूपबंद होऊन किल्ली परत आली असती, तर गाडी सायडिंगला वळलीच नसती. किल्ली परत न घेताच वडिलांनी सिग्नल दिला होता. एक माणूस मारला आणि वर दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला. मोरेश्वरला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्याने रुळांचं वळण कागदावर उतरवून घेतलं, फोटो पुसून टाकले, नीलेशला गप्प राहायला बजावलं आणि दोन दिवसांत सांधा बसवला. कुलूप तेवढं वगळलं.

शुक्रवारी सर्फराजने दारातच विचारलं, "आला का रे नकाशा?"

"नाही. वाळवीने खाल्ला म्हणे. अंदाजानेच बसवलं."

सर्फराज वाकून बराच वेळ पाहत राहिला. "तीन वर्षं अडलास आणि आता अंदाजाने सगळं अचूक? धक्क्याचं वळणसुद्धा?" त्याने सांध्याशेजारी बोट टेकवलं. "इथे कुलूप होतं."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. किल्ली अब्बांच्या खिशात होती. मास्तरांनी ती मागितलीच नाही, आणि गाडीला सिग्नल दिला. अब्बा चौकशीत ओरडून सांगत होते. स्टेशनातला नकाशा तेवढा गायब झाला होता." तो सरळ उभा राहिला. "मला ना भरपाई हवी, ना माफी. एकदा तू स्वतःच्या हाताने इथे कुलूप लावावंस, म्हणून येत होतो मी."

मोरेश्वरने अजूनही कबूल केलं असतं तर चाललं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "तिथे कुलूप नव्हतं, सर्फराज."

सर्फराज चपला घालायला वाकला. मेधा चहाचे तीन कप घेऊन आत येत होती.

"चौकशीत तुझे वडील अगदी हेच म्हणाले होते," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूने वाट काढत निघून गेला.